कांद्याच्या मुळात पेशीविभाजन पाहताना: स्लाइड कशी करायची आणि प्रत्येक पायरीला कोणते रेणू कामाला लागतात

वनस्पतीची पेशी विभागताना पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असेल, तर कांद्याचं मूळ घ्यावं. कांद्याच्या पेशीत गुणसूत्रं १६च असतात, पण त्यांतला डीएनए प्रचंड असतो. एका संचात सुमारे १६०० कोटी बेसजोड्या, म्हणजे माणसाच्या संचाच्या जवळपास पाचपट. त्यामुळे ती गुणसूत्रं लांब आणि जाड असतात आणि साध्या मायक्रोस्कोपखालीही मोजता येतात. रेणूंच्या पातळीवरची आपली बहुतेक माहिती मात्र अरेबिडॉप्सिस या छोट्या रोपातून आली आहे. त्याचा संच जेमतेम १३.५ कोटी बेसजोड्यांचा आहे, आणि त्याची १० गुणसूत्रं ठिपक्यांसारखी दिसतात. म्हणून डोळ्यांनी पाहायला कांदा आणि आतली यंत्रणा समजून घ्यायला अरेबिडॉप्सिस, अशी जोडी लावून शिकावं.

स्लाइड करण्याची कृती बहुतेक प्रयोगवह्यांत मिळते. पण अमुक अ‍ॅसिड अमुक मिनिटं का, हे तिथे क्वचितच लिहिलेलं असतं. त्यामुळे स्लाइड बिघडली की नवशिक्याला चूक कोणत्या पायरीवर झाली ते कळत नाही आणि तो सगळं पहिल्यापासून करत बसतो. प्रत्येक पायरी पेशीतल्या कोणत्या रेणूवर काम करते हे माहीत असेल, तर बिघडलेली स्लाइडच चूक कुठे झाली ते सांगते.

मुळं वाढवणं

मध्यम आकाराचा, घट्ट कांदा घ्या. तळाच्या चकतीवरची जुनी वाळलेली मुळं ब्लेडने हलक्या हाताने खरवडून काढा. नवी मुळं चकतीच्या कडेच्या कड्यातून फुटतात, तेव्हा ते कडं कापलं जाऊ देऊ नका. कांदा ग्लासच्या तोंडावर असा ठेवा की फक्त तळ पाण्याला टेकेल. अर्धा कांदा बुडाला तर तो सडतो. २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानाला दोन ते चार दिवसांत मुळं दीड-दोन सेंटिमीटर होतात, तेव्हा ती घ्यावीत. साठवणीसाठी कोंब फुटू नयेत अशी प्रक्रिया केलेल्या कांद्यांना मुळं फुटतच नाहीत किंवा खुरटी राहतात. म्हणून एकाच्या भरवशावर न राहता चार-पाच कांदे लावावेत.

पाणी रोज बदलायचं, कारण साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी होतो आणि मग पेशी नव्या विभाजनाला हात घालत नाहीत. विभाजन सुरू करायचं की नाही हा निर्णय पेशी डीएनएची नक्कल करण्याआधी, जी-१ अवस्थेत घेते. साखर आणि सायटोकायनिन हे वनस्पतीचं संप्रेरक पुरेसं असेल तर सायक्लिन-डी हे प्रथिन तयार होतं. ते सीडीकेए नावाच्या कायनेज एन्झाइमला जोडलं जातं. ही जोडी आरबीआर या रोखून धरणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढवते. आरबीआर बाजूला झालं की ई२एफ मोकळं होतं आणि डीएनएच्या नकलेला लागणारी जनुकं चालू करतं. ताण आला, थंडी पडली किंवा डीएनएला इजा झाली की केआरपी आणि एसएमआर गटातली प्रथिनं या कायनेजना अडवतात. गार खोलीत वाढलेल्या मुळात विभाजित पेशी कमी का दिसतात, याचं उत्तर इथे आहे. अशा वेळी रंग किंवा अ‍ॅसिड बदलून काही उपयोग होत नाही, मुळंच नवी लावावी लागतात.

मुळाचा कोणता भाग घ्यायचा यात सगळ्यात जास्त गफलत होते. अगदी टोकाला मूळटोपी असते. तिच्या पेशी झडण्यासाठीच बनलेल्या असतात. तिच्या लगेच मागे एक-दोन मिलिमीटरचा विभाजी पट्टा असतो. त्याच्या वर पेशी फक्त लांब होतात. एक सेंटिमीटरचा तुकडा रंगवून चिरडला तर हव्या त्या पेशी नको त्या पेशींच्या गर्दीत हरवतात. स्थिरीकरणासाठी सेंटिमीटरभर तुकडा घ्या, पण स्लाइडवर शेवटचे दोन मिलिमीटरच ठेवा.

स्थिरीकरण

मूळ तोडलं की पेशीला ते कळतं. म्हणून तोडल्यावर लगेच, काही सेकंदांत, ते स्थिरीकरणाच्या द्रावणात गेलं पाहिजे. शुद्ध इथेनॉल तीन भाग आणि ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड एक भाग हे मिश्रण पुरेसं आहे. ते दर वेळी ताजं करावं. ठेवून दिलं तर अल्कोहोल आणि अ‍ॅसिड यांची हळूहळू प्रक्रिया होऊन एस्टर आणि पाणी तयार होतं, आणि द्रावणाचा जोर जातो. मुळांच्या आकारमानाच्या निदान वीसपट द्रावण घ्या. दहा-बारा मुळांना दहा मिलिलिटर भरपूर झालं. खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवून मुळं ७० टक्के इथेनॉलमध्ये घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. तिथे ती कित्येक आठवडे चांगली राहतात.

अल्कोहोल प्रथिनांमधलं पाणी ओढून घेतं आणि ती जागच्या जागी गोठवतं. त्याने पेशी आक्रसते. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड झपाट्याने आत शिरतं आणि गुणसूत्रं किंचित फुगवून हा आक्रस भरून काढतं. पण या द्रावणात सूक्ष्मनलिका, म्हणजे ट्युब्युलिन या प्रथिनाच्या बारीक नळ्या, नीट टिकत नाहीत. त्यामुळे पुस्तकातल्या आकृतीत ठळक रेषांनी काढलेले तुर्कतंतू, म्हणजे गुणसूत्रं ओढणारे या नलिकांचे धागे, तुमच्या स्लाइडवर दिसणार नाहीत, फार तर अंधुक जाणवतील. ही तुमची चूक नव्हे. तुर्कतंतू खरोखर पाहायचे तर फॉर्मल्डिहाइडने स्थिरीकरण करून ट्युब्युलिनविरोधी प्रतिपिंडांनी ते चमकवावे लागतात. ते काम फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपचं.

गुणसूत्रं मोजायची असतील तर

हा टप्पा फक्त मोजणीसाठी आहे. सगळ्या अवस्था पाहायच्या असतील तर तो सोडून द्या.

गुणसूत्रं मोजायला मध्यावस्थेतल्या (गुणसूत्रं मध्यावर रांगेत आलेल्या) पेशी भरपूर हव्यात आणि गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी हवीत. त्यासाठी जिवंत मुळं स्थिरीकरणाआधी तीन-चार तास ०.०५ टक्के कोल्चिसिनमध्ये, किंवा ०.००२ मोलर ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनमध्ये ठेवतात. दुसऱ्याचं प्रमाण लिटरला ०.२९ ग्रॅम. ते थंड पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून कोमट पाण्यात ढवळत राहा. कोल्चिसिन ट्युब्युलिनला चिकटतं आणि नव्या नलिका बनू देत नाही. वनस्पतींच्या ट्युब्युलिनला ते प्राण्यांच्या ट्युब्युलिनपेक्षा सैल चिकटतं, म्हणून मुळांना प्राणिपेशींपेक्षा कितीतरी जास्त मात्रा लागते. कोल्चिसिन माणसाला अतिशय विषारी आहे. हातमोजे घालूनच ते हाताळा आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका.

तंतू नसतील तर पेशी मध्यावस्थेत अडकते ती का? प्रत्येक गुणसूत्राच्या दोन अर्धगुणसूत्रांना कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी एकत्र धरून ठेवते. ती कडी सेपरेज हे एन्झाइम कापतं. सेपरेजला आधी सेक्युरिन या प्रथिनाने दाबून धरलेलं असतं. सेक्युरिन नष्ट करण्याचं काम एपीसी नावाच्या प्रथिनसंकुलाचं: ते सेक्युरिनवर युबिक्विटिनची खूण लावतं आणि प्रोटिएझोम हे प्रथिनं तोडणारं यंत्र त्याचा फडशा पाडतं. पण एका जरी गुणसूत्रबिंदूला तंतू नीट जोडला गेलेला नसेल, तर एमएडी२ सारखी पहारेकरी प्रथिनं एपीसीला थोपवून धरतात. कोल्चिसिनमुळे एकही तंतू जोडला जात नाही आणि हा पहारा उठतच नाही.

वनस्पतींमध्ये हा पहारा कायमचा टिकत नाही. जास्त तास ठेवलं तर कड्या सुटतात, अर्धगुणसूत्रं वेगळी होतात, पण ध्रुवांकडे जात नाहीत, आणि एकाच केंद्रकात ३२ गुणसूत्रं बसतात. शिवाय गुणसूत्रं आखूड गाठींसारखी होतात. स्लाइडवर बुटकी, इंग्रजी एक्ससारखी फाकलेली गुणसूत्रं दिसली तर वेळ जास्त झाली असं समजा.

पेशी सुट्या करणं

वनस्पतीची स्लाइड सगळ्यात जास्त बिघडते ती इथे. शेजारच्या दोन पेशी मध्यपटलातल्या (दोन भित्तिकांमधल्या थरातल्या) कॅल्शियम पेक्टेटने चिकटलेल्या असतात. ते पेक्टेट सैल झाल्याशिवाय कितीही दाबलं तरी पेशी एका थरात पसरत नाहीत. त्यासाठी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ६० अंशांना वापरतात. तीव्र अ‍ॅसिड साधारण १२ नॉर्मल असतं. १०० मिलिलिटर करायचं तर ८० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ८.३ मिलिलिटर तीव्र अ‍ॅसिड हळूहळू सोडा आणि मग पाण्याने १०० पर्यंत भरा. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही.

अल्कोहोलमधली मुळं आधी पाण्यात पाच मिनिटं धुवा. अ‍ॅसिड वॉटरबाथमध्ये आधीच ६० अंशांना आलेलं हवं. गार अ‍ॅसिडमध्ये मुळं टाकून मग तापवत बसलं तर वेळेचा हिशोबच राहत नाही. आठ मिनिटांपासून सुरुवात करा. मूळ सुईने दाबल्यावर लोण्यासारखं दबलं पाहिजे, पण उचलताना तुटता कामा नये. झालं की लगेच थंड पाण्यात टाका, नाहीतर मुळात शिरलेलं अ‍ॅसिड काम करतच राहतं.

अ‍ॅसिड पेक्टेटमधला कॅल्शियम काढून घेतं आणि पेशी सुटतात. ते आरएनए तोडतं, त्यामुळे पेशीद्रव्याचा रंग कमी होऊन गुणसूत्रं उठून दिसतात. आणि डीएनएमधले ॲडेनिन व ग्वानिन उडवून साखरेवर अल्डिहाइड गट उघडे पाडतं. हे तिसरं काम फॉयल्गेन पद्धतीचा पाया आहे: १९२४ साली मांडलेल्या या पद्धतीत शिफ अभिकर्मक त्या अल्डिहाइडला जोडला जातो आणि फक्त डीएनए गडद किरमिजी होतो. मिनिटं वाढली की डीएनएची साखळीच तुटून विरघळून जाते आणि केंद्रकं फिकी पडतात.

त्यामुळे निदान सोपं आहे. पेशी एकमेकांवर चढलेल्या, विटांच्या भिंतीसारख्या एकसंध दिसल्या तर अ‍ॅसिडमध्ये वेळ कमी पडला. पेशी छान पसरल्या आहेत पण रंगच नाही, असं असेल तर वेळ जास्त झाला. रंग आहे, पेशी सुट्या आहेत, पण विभाजनच नाही, तर दोष मुळांचा किंवा तुम्ही निवडलेल्या भागाचा.

रंगवणं आणि दाबणं

सुरुवातीला अ‍ॅसिटोकार्मिन बरं. ४५ मिलिलिटर ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ५५ मिलिलिटर पाण्यात मिसळून उकळायचं, त्यात एक ग्रॅम कार्मिन घालून मंद आचेवर अर्धा तास ठेवायचं, गार करून गाळायचं. हे काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करावं, कारण वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. मुळं रंगात वीस-तीस मिनिटं ठेवा. रंग फिका वाटला तर स्लाइडवरच्या थेंबात लोखंडी सुई फिरवा. लोहाच्या आयनांनी कार्मिन गुणसूत्रांवर पक्कं बसतं आणि रंग गडद होतो. सुई फार वेळ ठेवली तर सगळंच काळपट होतं, म्हणून रंगावर डोळा ठेवून थांबा.

आता स्लाइडवर ४५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा एक लहान थेंब घ्या. मुळाचा गडद रंगलेला शेवटचा भाग कापून त्यात ठेवा आणि बाकीचा तुकडा बाजूला काढा. गडद का, तर तिथल्या पेशी लहान आणि केंद्रकं मोठी असतात. सुईने तो भाग बारीक फोडा. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळूच सोडा. पेन्सिलीच्या बोथट टोकाने तिच्यावर हलके ठोके द्या. लाल ठिपका धुक्यासारखा पसरत जातो, तसा तो पसरू द्या. मग स्लाइडवर टिपकागदाची घडी ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. कव्हरस्लिप इंचभरही बाजूला सरकू देऊ नका. ती सरकली की पेशी गुंडाळल्या जातात आणि गुणसूत्रं फाटतात. थेंब मोठा असेल तर पेशी कडेने वाहून जातात, म्हणून अगदी लहान थेंबच बरा.

स्लाइड वाचणं

आधी १०एक्स ऑब्जेक्टिव्हखाली फिरा आणि लहान, चौकोनी, भरगच्च केंद्रकांच्या पेशींची जागा शोधा. लांब पेशी दिसत असतील तर तुम्ही पट्ट्याच्या वर आहात. जागा सापडली की ४०एक्सवर जा. कंडेन्सरची झडप थोडी बंद केली की पेशीभित्तिका उठून दिसतात. हे अंत्यावस्थेसाठी फार उपयोगी पडतं.

बहुतेक पेशी विभाजनात नसतातच. त्यांचं केंद्रक गोल, दाणेदार असतं आणि आत केंद्रिका फिकी दिसते. यातल्या काही पेशी डीएनएची नक्कल करत असतात. कांद्यात चक्राचा सगळ्यात मोठा वाटा त्यालाच लागतो. पण रंगावरून ते ओळखता येत नाही.

पूर्वावस्थेत केंद्रकात धाग्यांचा गुंडा दिसतो. कंडेन्सिन हे प्रथिन डीएनएला वेटोळ्यांत गुंडाळत असतं, आणि डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन एच३ प्रथिनाच्या दहाव्या स्थानावरच्या सेरिनवर ऑरोरा कायनेज फॉस्फेट चढवत असतं. हे सुरू होतं ते सायक्लिन-बी आणि त्याच्या कायनेजमुळे. वनस्पतींमध्ये इथे सीडीकेबी हा खास त्यांचाच कायनेजही काम करतो, जो प्राण्यांत नाही. नवशिके पूर्वावस्थेची सुरुवात हमखास चुकवतात. नियम असा ठरवा: सुटे धागे स्पष्ट दिसले तरच पूर्वावस्था, नुसतं दाणेदार दिसलं तर नाही. एकदा ठरवलेला नियम सगळ्या स्लाइडना लावा.

याच वेळी तुमच्या स्लाइडवर न दिसणारी, पण वनस्पतीच्या विभाजनातली सगळ्यात वैशिष्ट्यपूर्ण गोष्ट घडलेली असते. केंद्रकाभोवती, पेशीच्या पृष्ठभागालगत सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा तयार होतो. तो १९६६ साली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा वर्णन केला गेला. त्याला प्रीप्रोफेज पट्टा म्हणतात. नवी भित्तिका जिथे जुन्या भित्तिकेला मिळणार आहे, ती जागा हा पट्टा आधीच आखून ठेवतो. केंद्रकाचं आवरण फुटलं की पट्टा नाहीसा होतो, पण जागेवर टँगल्ड आणि पीओके यांसारखी प्रथिनं खूण धरून राहतात. वनस्पतीची पेशी भित्तिकेत बंदिस्त असते, ती जागा बदलू शकत नाही. म्हणून विभाजनाची दिशा चुकली तर अवयवाचा आकारच चुकतो. हा पट्टा बनवणारी टॉन प्रथिनं बिघडलेली अरेबिडॉप्सिसची रोपं आखूड आणि जाडजूड होतात.

मध्यावस्थेत गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत येतात. कडेने पाहिली तर पट्टी दिसते, वरून पाहिली तर फुलासारखा गोल, आणि तिथेच मोजणी सोपी जाते. फुलझाडांच्या पेशीत ताराकेंद्र नसतं. सूक्ष्मनलिका केंद्रकाच्या आवरणाजवळच्या गॅमा-ट्युब्युलिनपासून वाढतात, म्हणून तुर्कतंतूंच्या रचनेची टोकं टोकदार नसून रुंद असतात. प्राणिपेशीची आकृती पाहून कांद्यात ताराकेंद्र शोधत बसू नका.

पश्चावस्था ओळखायला सगळ्यात सोपी असते. दोन गट ध्रुवांकडे निघालेले दिसतात, प्रत्येक गुणसूत्राचा गुणसूत्रबिंदू पुढे आणि बाहू मागे फरफटत. दोन गटांमध्ये धागा ताणलेला दिसला तर तो पूल असतो. तुटून चुकीच्या जागी जोडलेलं, दोन गुणसूत्रबिंदू असलेलं गुणसूत्र दोन्ही बाजूंनी ओढलं गेलं की असा पूल बनतो. मागे एकटं राहिलेलं गुणसूत्र पुढे लहान जादा केंद्रक बनतं. रसायनांची विषारी क्रिया तपासणाऱ्या कांद्याच्या चाचणीत नेमक्या याच गोष्टी मोजतात.

अंत्यावस्थेत दोन गडद केंद्रकं दिसतात. त्यांच्या मध्ये बारीक फिकी रेषा दिसते का, ते झडप बंद करून पाहा. ती दिसली तर तुम्ही पेशीपटल पाहताय. प्राणिपेशी मधोमध आवळून दोन होते, पण वनस्पतीची पेशी मध्यापासून कडेकडे नवी भित्तिका बांधत जाते. दोन केंद्रकांमध्ये सूक्ष्मनलिकांची फ्रॅग्मोप्लास्ट नावाची रचना तयार होते, त्यात नलिकांची धन टोकं मध्याकडे असतात. गॉल्जी संकुलातून निघालेल्या पुटिका या नलिकांवरून कायनेसिन प्रथिनांच्या पाठीवर मध्यापर्यंत येतात. तिथे नोल आणि कोयले या प्रथिनांच्या मदतीने त्या एकमेकींत मिसळतात. आधी त्यांचं जाळं होतं, मग सलग पटल. पटलात सुरुवातीला कॅलोज ही बहुशर्करा भरते, नंतर त्याची जागा सेल्युलोज घेतं. पटल वाढतं तशा मधल्या नलिका विरघळतात आणि कडेला नव्या बनतात, म्हणून फ्रॅग्मोप्लास्ट बाहेर सरकत जातो आणि नेमका त्या जुन्या खुणेवर जाऊन पोचतो. पटलात अडकून राहिलेल्या अंतर्द्रव्यजालिकेच्या तंतूंभोवती दोन पेशींना जोडणारे बारीक मार्ग, म्हणजे प्लाझ्मोडेस्माटा, उरतात. शेजारच्या पेशींतलं दळणवळण अशा रीतीने जन्मापासूनच सुरू होतं.

मोजणी

स्लाइड म्हणजे गर्दीचा एकच फोटो. पण मुळाच्या टोकात पेशी एकाच वेळी विभागत नाहीत, ज्या त्या आपल्या वेळेने विभागतात. त्यामुळे एखादी अवस्था जितकी जास्त वेळ टिकते, तितक्या जास्त पेशी त्या अवस्थेत सापडतात.

निदान तीन मुळांमधून मिळून हजार पेशी मोजा. हव्या त्या पेशी निवडू नका. दिसणारं क्षेत्र पूर्ण मोजून मगच पुढे सरका. समजा हजारात पूर्वावस्थेच्या ५०, मध्यावस्थेच्या १४, पश्चावस्थेच्या ८ आणि अंत्यावस्थेच्या १८ पेशी मिळाल्या. एकूण विभाजित ९०, म्हणजे विभाजनांक ९ टक्के. कांद्याच्या मुळातलं पेशीचक्र खोलीच्या तापमानाला साधारण १५ ते २० तासांचं असतं. १७ तास धरले तर ती १०२० मिनिटं. म्हणजे हजारातली प्रत्येक पेशी जवळपास एक मिनिट. पूर्वावस्था सुमारे ५१ मिनिटं, पश्चावस्था अवघी ८. पश्चावस्था इतकी कमी का सापडते, याचा उलगडा इथे होतो: सेपरेजने कड्या कापल्या की पुढचं काम झपाट्याने उरकतं.

विभाजनांक दोन-तीन टक्क्यांवर आला तर आधी मुळाचा कोणता भाग घेतला ते तपासा, मग पाण्याचं तापमान, आणि शेवटी रंग.

पटल थांबवून पाहणं

पेशीपटलाचं महत्त्व समजायला एक सोपा प्रयोग आहे. लिटरला एक ग्रॅम कॅफिन घातलेल्या पाण्यात जिवंत मुळं एक तास ठेवा, मग साध्या पाण्यात दोन-तीन तास ठेवून स्थिरीकरण करा. कॅफिनने केंद्रकाचं विभाजन थांबत नाही, पण पुटिकांपासून पटल पक्कं होऊ शकत नाही आणि तयार होत असलेलं पटल मोडतं. त्या तासात अंत्यावस्थेत असलेल्या पेशी एकाच भित्तिकेत दोन केंद्रकं घेऊन बसलेल्या दिसतात. अशा पेशींचा जन्म एकाच तासातला असल्याने त्या पुढे जवळजवळ एकत्र चालतात. जास्त तासांनी स्थिरीकरण केलेल्या मुळांत एकाच पेशीतली दोन्ही केंद्रकं एकदमच पूर्वावस्थेत दिसली, तर पेशीचक्राचे संकेत पेशीद्रव्यातून येतात याचा पुरावा तुमच्या समोर आहे.

अर्धगुणसूत्री विभाजन आणि परागकण

प्रजोत्पादनाकडे, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनाकडे वळायचं तर मूळ सोडून कळी घ्यावी लागते. कांद्याचा फुलांचा गेंद आवरणातून नुकता डोकावत असताना काढा. एकाच गेंदात वेगवेगळ्या वयाच्या कळ्या असतात, त्यामुळे एकाच स्थिरीकरणात सगळ्या अवस्था हाती लागतात. कळ्या वर सांगितलेल्या ३:१ द्रावणात २४ तास ठेवा. अ‍ॅसिडची पायरी इथे लागत नाही, कारण परागकोशातल्या मातृपेशी सुट्याच असतात. दोन-तीन मिलिमीटरच्या कळीतला एक परागकोश अ‍ॅसिटोकार्मिनच्या थेंबात सुईने फोडा, रिकामी साल काढून टाका आणि मगच कव्हरस्लिप ठेवा. परागकोश पिवळे झाले असतील तर उशीर झालेला आहे. हवेत ते पारदर्शक-हिरवट.

इथे एसपीओ११ हे प्रथिन डीएनएमध्ये मुद्दाम दुहेरी काप घालतं. डीएमसी१ या प्रथिनाच्या मदतीने तुटलेली टोकं समजात (जोडीतल्या दुसऱ्या) गुणसूत्रात जोडीदार शोधतात आणि काही ठिकाणी तुकड्यांची अदलाबदल होते. कोहेसिनच्या कडीत इथे आरईसी८ हा वेगळा घटक असतो. पहिल्या विभाजनात ती बाहूंवरच सुटते, गुणसूत्रबिंदूजवळ शुगोशिन हे प्रथिन तिचं रक्षण करतं. म्हणून पहिल्यांदा जोड्या वेगळ्या होतात आणि अर्धगुणसूत्रं दुसऱ्या विभाजनात. पहिल्या मध्यावस्थेत १६ सुटी गुणसूत्रं नव्हे, तर ८ जोड्या मोजा. त्या मिळाल्या तर तुम्ही योग्य अवस्थेत आहात. कांद्यात पहिल्या विभाजनानंतरच मध्ये भित्तिका पडते, त्यामुळे आधी दोन पेशींची जोडी आणि मग चौकडी दिसते. चौकडीभोवतीचं जाड, चमकदार आवरण कॅलोजचं असतं. ते विरघळलं की चार परागकण मोकळे होतात.

परागकणात एक असमान विभाजन होतं: मोठी वर्धी पेशी आणि तिच्या पोटात लहान जनन पेशी. कांद्यात परागकण या दोन पेशींच्याच अवस्थेत बाहेर पडतात. जनन पेशी नळीत शिरल्यावर पुन्हा विभागते आणि दोन नरयुग्मक बनतात. त्यातलं एक अंडपेशीशी, दुसरं मध्यपेशीतल्या केंद्रकांशी मिळतं. हे दुहेरी फलन सेर्गेई नवाशिन यांनी १८९८ साली दाखवून दिलं. पुढे एचएपी२ नावाचं प्रथिन नरयुग्मकाच्या पृष्ठभागावर सापडलं, ज्याच्याशिवाय युग्मकांचं मीलन होत नाही.

नळी वाढताना पाहायची असेल तर १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम साखर, १० मिलिग्रॅम बोरिक अ‍ॅसिड, ३० मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, २० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट घाला. नुकत्या फुटलेल्या परागकोशातले कण या द्रावणाच्या थेंबात टाका आणि ओलसर झाकणाखाली ठेवा. पाणी उडालं की साखरेची तीव्रता वाढते आणि नळ्या खुंटतात. साखर कमी पडली तर त्या टोकाशी फुटतात. नळीच्या टोकाची भित्तिका मऊ पेक्टिनची असते आणि आतला दाब तिला पुढे ढकलत असतो. कॅल्शियम आणि बोरॉन पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधतात आणि टोक फुटू देत नाहीत. नळ्या लांब झाल्या की थेंबाच्या कडेला अ‍ॅसिटोकार्मिनचा एक थेंब ठेवा आणि तो आत ओढला जाऊ द्या. वर्धी पेशीचं केंद्रक फिकट आणि पसरट दिसतं, जनन पेशीचं लांबुळकं आणि गडद. ते गडद केंद्रक दोन झालेलं एखाद्या नळीत सापडलं तर तेच तुमचे दोन नरयुग्मक. सापडलं नाही, तर थोड्या अधिक तासांनी रंगवलेला दुसरा थेंब पाहा.